आरआरएसपी लोन: घ्यायचं की नाही, आणि घ्यायचंच असेल तर कसं

जानेवारी अर्धा सरला की कॅनडातल्या बँकांचं एकच पालुपद सुरू होतं. ॲप उघडा, ईमेल बघा, ब्रँचमध्ये जा, सगळीकडे तेच, डेडलाइनच्या आत आरआरएसपी (कॅनडातली टॅक्स वाचवणारी निवृत्तीची बचत योजना) भरा, पैसे नसतील तर आम्ही लोन देतो, टॅक्सचा रिफंड आला की फेडून टाका. ऋण काढून सण करू नये असं ऐकत मोठे झालेलो आपण, त्यामुळे ऋण काढून बचत हे ऐकायलाच विचित्र वाटतं, आणि तरी दरवर्षी फेब्रुवारीत आपल्यातले बरेच जण हे लोन घेतात, कारण ऑफिसमधला कुणीतरी सांगतो की अरे तीन हजार रिफंड आला.

तर यावर नीट लिहायचं ठरवलं. लोन वाईटच असतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ते कशासाठी घेतोय हे बहुतेकांना माहीत नसतं. लोक रूम, म्हणजे आरआरएसपीत जेवढं भरायची परवानगी आहे ती जागा, भरायला लोन घेतात, आणि मला वाटतं हे कारणच चुकीचं आहे. रूम कुठे पळून जात नाही. न वापरलेली रूम पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी अशी तुम्ही ७१ वर्षांचे होईपर्यंत पुढे जात राहते. मार्चच्या सुरुवातीची जी डेडलाइन असते (२०२५ च्या टॅक्ससाठी २ मार्च २०२६) ती फक्त आधीच्या वर्षाच्या टॅक्समधून वजावट घेण्यासाठी. म्हणजे लोन घ्यायचं एकच सबळ कारण उरतं, यंदा तुमचा टॅक्सचा रेट इतका चढा आहे की ही वजावट यंदाच घेण्यात फायदा आहे. तसं नसेल तर लोन न घेता पुढच्या वर्षी पगारातून भरलं तरी काहीही बिघडत नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. आरआरएसपी १९५७ पासून आहे. यात भरलेली रक्कम तुमच्या टॅक्सेबल उत्पन्नातून वजा होते, आत जे वाढतं त्यावर वाढत असताना टॅक्स नाही, काढताना मात्र पूर्ण रकमेवर टॅक्स. वर्षाला किती भरता येतं, तर आधीच्या वर्षाच्या कमाईच्या १८ टक्के, पण वर एक कमाल मर्यादा, २०२५ साठी ती ३२,४९० डॉलर होती. कंपनीत पेन्शन असेल तर त्याची पेन्शन ॲडजस्टमेंट, म्हणजे त्या पेन्शनची सरकारने धरलेली किंमत, यातून वजा होते. आणि इथे यायच्या आधीचा भारतातला पगार यात धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी बहुतेकांची रूम शून्य असते. पहिल्याच फेब्रुवारीत कुणी तुम्हाला आरआरएसपी लोन विकायला आलं तर त्याला आधी विचारा की रूम कुठून आणू.

रूम आधी स्वतः बघा

बँकेला तुमची रूम माहीत नसते, तुम्ही सांगाल तो आकडा ते धरतात. सीआरए (कॅनडाचं टॅक्स खातं) माय अकाउंटमध्ये लॉगिन करा किंवा मागच्या रिटर्नची नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे रिटर्न तपासून सीआरए पाठवतं ते पत्र, काढा. त्यात आरआरएसपीचा एक छोटा तक्ता असतो, आणि त्यात दोन आकडे असतात जे लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. एक डिडक्शन लिमिट, म्हणजे तुम्ही एकूण किती वजावट घेऊ शकता. दुसरा त्याच्या खाली, अव्हेलेबल कॉन्ट्रिब्युशन रूम, म्हणजे अजून किती भरू शकता. मागे कधी पैसे भरून वजावट घेतली नसेल तर हे दोन आकडे वेगळे असतात, आणि भरताना बघायचा तो दुसरा.

आता इथे एक मेख आहे. तुमच्या ऑफिसात ग्रुप आरआरएसपी असेल आणि दर पगारातून त्यात पैसे जात असतील, कंपनी त्यात मॅच करत असेल, म्हणजे तुमच्या भरण्याला जोडून आपलेही पैसे टाकत असेल, तर ते वर्षभरात गेलेले पैसे या आकड्यात अजून वजा झालेले नसतात कारण ती नोटीस मागच्या रिटर्नवरून बनलेली असते. म्हणजे नोटीसमध्ये १४,००० दिसतात, पण मार्चपासून आत्तापर्यंत तुमचे आणि कंपनीचे मिळून ८,००० आधीच गेलेत, तर तुमच्याकडे खरे ६,०००च उरलेत. पे स्टबवरून (पगाराची स्लिप) हा हिशोब करा, कंपनीचा हिस्सा विसरू नका, तोही तुमचीच रूम खातो.

जास्त भरलं तर काय होतं, तर आयुष्यभरासाठी मिळून २,००० डॉलरपर्यंत जास्तीची मुभा आहे, त्याच्या वर गेलेल्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का दंड. म्हणजे ५,००० जास्त भरले तर ३,००० वर महिन्याला ३० डॉलर, शिवाय वेगळा फॉर्म भरायची कटकट. लोन काढून वर दंड भरायचा म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मग तुमचा मार्जिनल रेट काढा

सगळा खेळ या एका आकड्याचा आहे. तुमच्या शेवटच्या डॉलरवर किती टक्के टॅक्स लागतो तो रेट, सरासरी रेट नाही. ऑनलाइन कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, प्रांत आणि उत्पन्न टाकलं की मिळतो. ऑन्टारिओत २०२५ ला साधारण ५७,००० ते ९३,००० च्या मधल्या उत्पन्नाला फेडरल आणि प्रांताचा मिळून २९.६५ टक्के होता. तिथून थोडा थोडा चढत साधारण १,१४,७५० च्या वर गेलात की ४३.४१. हा फरक बघा, त्याच १०,००० डॉलरच्या भरण्यावर एकाला २,९६५ परत मिळतात आणि दुसऱ्याला ४,३४१.

म्हणून ज्याचा पगार ८५,००० आहे आणि पुढच्या वर्षीही साधारण तेवढाच असणार आहे त्याने लोनची घाई करायचं कारण मला दिसत नाही, वजावट यंदा घेतली काय नि पुढच्या वर्षी घेतली काय, रेट तोच. पण ज्याला यंदा मोठा बोनस मिळाला, कंपनीने देऊ केलेले शेअर व्हेस्ट झाले म्हणजे नावावर झाले, नोकरी जाताना सेव्हरन्स, म्हणजे भरपाई, मिळाला, आणि पुढच्या वर्षी उत्पन्न परत खाली येणार आहे, त्याच्यासाठी हे वर्ष महाग वर्ष आहे आणि तिथे लोन घेऊन भरणं शहाणपणाचं ठरू शकतं. याच्या अगदी उलट, ज्याने नुकतंच कॉलेज संपवून जुलैत नोकरी धरली, अर्ध्या वर्षाचाच पगार आहे, वर ट्युशन क्रेडिट (कॉलेजच्या फीवरची टॅक्स सवलत) साठलेलं आहे, त्याने लोन घेऊन आरआरएसपी भरणं म्हणजे स्वस्तातली वजावट महागात विकत घेणं.

आणि सगळी रक्कम एकाच रेटने वाचत नाही हेही लक्षात ठेवा. १,३०,००० कमावणाऱ्याचे पहिले १५,००० डॉलर ४३.४१ ने वाचतात, त्याच्या पुढचे आधी ३७.९१ ने, मग अजून कमीने. बँकवाला म्हणेल सर तुमची २३ हजारांची रूम आहे, पूर्णच करून टाकू. तुम्ही म्हणा १५ पुरेत, बाकीचे पुढच्या वर्षी.

लहान मुलं असतील तर अजून एक गोष्ट जोडा, जी बँकेत सहसा कुणी सांगत नाही. कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकार दर महिन्याला देतं ते पैसे, हा कुटुंबाच्या नेट उत्पन्नावर ठरतो आणि आरआरएसपीची वजावट ते नेट उत्पन्न कमी करते. दोन मुलं असतील आणि कुटुंबाचं उत्पन्न साधारण ३७,५०० ते ८१,००० च्या मध्ये (जुलै २०२५ पासूनच्या वर्षाचा पट्टा) असेल तर त्या पट्ट्यात दर जादा डॉलरला बेनिफिट १३.५ टक्के कमी होत जातो, म्हणजेच ५,००० आरआरएसपीत भरले तर जुलैपासून पुढच्या जूनपर्यंत मिळून ६७५ डॉलर जास्त येतात. त्याच्या वरच्या उत्पन्नाला दोन मुलांसाठी हा दर ५.७ टक्के. कुटुंबात एकच कमावणारं असेल, मुलं दोन असतील, तर खरा फायदा टॅक्स रेटच्या बराच वर जातो आणि अशांसाठी माझं मत थोडं लोनच्या बाजूला झुकतं.

किती घ्यायचं

माझ्या मते आरआरएसपी लोनचा सगळ्यात चांगला उपयोग टॉप-अपचा आहे. म्हणजे काही पैसे तुमच्याकडे आहेत, थोडे उसने घ्यायचे, आणि इतकेच घ्यायचे की येणारा रिफंड ते लोन पूर्ण फेडून टाकेल. हिशोब सोपा आहे. हातातली रक्कम गुणिले तुमचा रेट, भागिले शंभरातून रेट वजा करून जे उरेल ते. रेट ३० धरा, हातात ७,००० आहेत. ७,००० गुणिले ३० भागिले ७०, आले ३,०००. हे ३,००० लोन घ्या, एकूण १०,००० भरा, १०,००० वर ३० टक्क्यांनी ३,००० रिफंड आला, लोन खल्लास. सहा टक्के व्याजाने तीन महिन्यांचं व्याज जेमतेम ४५ डॉलर. खिशातून गेले ७,००० आणि आत पडले १०,०००. रेट ४३.४१ असेल आणि हातात १०,००० असतील तर असंच ७,६७१ पर्यंत घेता येतं, पण वर म्हटलं तसं पूर्ण रक्कम त्याच ब्रॅकेटमध्ये, म्हणजे त्याच रेटच्या पट्ट्यात, बसते का ते बघा, नाहीतर रिफंड कमी येतो आणि लोनचं शेपूट उरतं.

आता हातात काहीच नाही आणि पूर्ण १०,००० लोनने भरायचे असतील तर काय होतं ते बघू. सहा टक्के व्याज धरू, हप्ते सुरू व्हायला ९० दिवसांची सवलत. त्या ९० दिवसांत साधारण १४८ डॉलर व्याज चढतं, सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते. मग २,९६५ रिफंड आला तो पूर्ण लोनमध्ये टाकला, उरलेले ७,१८३ एका वर्षात फेडले तर महिन्याला ६१८ आणि एकूण व्याज ३८४ च्या आसपास. ठीक आहे, सहन होण्यासारखं आहे.

रिफंडने मात्र नवीन फोन घेतला किंवा भारताची तिकिटं काढली आणि लोन पाच वर्षांचं ठेवलं, तर महिन्याला फक्त १९३ जातात म्हणून बरं वाटतं पण व्याज होतं १,६०० डॉलर. दहा वर्षांचं घेतलं, हो, दहा वर्षांचंही मिळतं काही ठिकाणी, तर हप्ता १११ आणि व्याज ३,३२२. रिफंड होता २,९६५. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि हे व्याज टॅक्समधून वजाही होत नाही. साध्या नॉन-रजिस्टर्ड खात्यात शेअर घ्यायला काढलेल्या लोनचं व्याज बऱ्याचदा वजा करता येतं, आरआरएसपी, टीएफएसए (टॅक्स न लागणारं बचत खातं) आणि एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं बचत खातं) यांच्यासाठी काढलेल्याचं नाही. एजंट कधीकधी हे दोन्ही गोड बोलून एकाच वाक्यात सांगून टाकतात, तिथे सावध राहा.

बँकेत एक ग्राफ दाखवतात, लोन घेतलं तर तीस वर्षांनी एवढा डोंगर आणि नाही घेतलं तर एवढीशी टेकडी. त्या ग्राफमध्ये नाही घेतलं म्हणजे काहीच भरलं नाही असं धरलेलं असतं. खरी तुलना अशी हवी की लोनचा जो १९३ चा हप्ता आहे तोच दर महिन्याला सरळ आरआरएसपीत टाकला तर? गुंतवणूक पण सहा टक्केच वाढली असं धरा, पाच वर्षांनी दोन्हीकडे साधारण १३,४९० डॉलर होतात. दोन्हीकडे तेवढेच! उलट लोनवाल्याला वजावट १०,००० ची मिळाली आणि महिन्याला भरणाऱ्याला ११,६०० ची, कारण त्याचे सगळे पैसे आरआरएसपीत गेले, व्याजात कुणाला गेले नाहीत. लोनवाल्याचा रिफंड मात्र पूर्ण आणि लवकर येतो, त्यामुळे शेवटी जवळजवळ बरोबरी होते. म्हणजे लोन पुढे जायला गुंतवणूक लोनच्या रेटपेक्षा जास्त वाढली पाहिजे, किंवा यंदाचा टॅक्स रेट पुढच्या वर्षांपेक्षा जास्त पाहिजे. पहिल्या गोष्टीची खात्री कुणी देऊ शकत नाही, दुसरी तुम्हाला स्वतःला बऱ्यापैकी माहीत असते.

एक गोष्ट मात्र लोनच्या बाजूने खरी आहे. महिन्याची बचत लोक बंद करतात, लोनचा हप्ता बंद करत नाहीत. स्वतःला ओळखता ना, मग त्याप्रमाणे ठरवा.

लोन घेताना

कागदपत्रं फार लागत नाहीत, आयडी, पे स्टब, नोटीस ऑफ असेसमेंट. क्रेडिट चेक होतो. पैसे बहुतेक वेळा तुमच्या हातात येत नाहीत, सरळ आरआरएसपी खात्यात जातात. बरेचदा अट असते की खातं त्याच बँकेत हवं, आणि इथेच तुम्हाला दोन टक्क्यांच्या वर एमईआर (फंडाची वर्षाची फी) असलेला म्युच्युअल फंड चिकटवला जातो. लोनचा रेट चांगला देतात आणि फंडाच्या फीमधून वसूल करतात, आणि लोन एका वर्षात संपतं पण तो फंड तुम्ही वीस वर्षं विसरून जाता. म्हणून लोनचा रेट विचारताना त्याच दमात विचारा की आत काय घ्यावं लागेल आणि त्याचा एमईआर किती, आणि नंतर दुसरीकडे ट्रान्सफर करायला फी किती.

बाकी हे एवढं विचारून घ्या: प्राइम (बँकेचा मूळ व्याजदर) अधिक किती, रेट फिक्स्ड आहे की व्हेरिएबल, मधेच मोठी रक्कम भरली तर पेनल्टी आहे का (नसायला हवी, नाहीतर रिफंड टाकायची सगळी योजनाच फसते), हप्त्याची सवलत किती दिवस. आणि सही करताना लोन इन्शुरन्सचा चौकोन असतो तो बघा, तो ऐच्छिक असतो, एका वर्षाच्या छोट्या लोनसाठी बहुतेकांना लागत नाही.

लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे हवं तेव्हा उचलता येणारं मंजूर कर्ज, आधीच असेल, विशेषतः घरावरची, तर तिचा रेट आरआरएसपी लोनपेक्षा कमी असू शकतो आणि त्याच बँकेत गुंतवायची सक्तीही नाही. फक्त त्यात अडचण अशी की फेडायची तारीख नसते, आणि तारीख नसलेलं कर्ज कधी फिटत नाही. क्रेडिट कार्डाच्या कॅश ॲडव्हान्सने आरआरएसपी भरणाऱ्यांना काय सांगायचं, नका करू.

आरआरएसपीच तारण ठेवून लोन काढता येईल का असंही लोक विचारतात. पीपीएफवर जसं तिसऱ्या ते सहाव्या वर्षात लोन मिळतं तसं इथे नाही. आरआरएसपी तारण ठेवला तर तेवढी रक्कम तुमचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स लागतो. आरआरएसपीतून स्वतःलाच कर्ज वगैरे प्रकारही इथे नाही, अमेरिकेतल्या मित्राचं ऐकून गोंधळू नका, त्यांची निवृत्तीची योजना, ४०१(के), वेगळी.

कधी काय करायचं

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, ऑनलाइन मंजुरी लवकर येते पण खात्यात पैसे जाऊन पावती पडायला वेळ लागला आणि तारीख उलटली तर वजावट एक वर्ष पुढे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हे उरका.

पैसे गेले की वर्षाच्या पहिल्या ६० दिवसांची वेगळी पावती येते, मागच्या मार्च ते डिसेंबरची वेगळी. दोन्ही रिटर्नमध्ये दाखवायच्या. महत्त्वाचं म्हणजे पहिल्या ६० दिवसांत भरलेले पैसे यंदाच्या रिटर्नमध्ये शेड्यूल ७ वर (रिटर्नचं आरआरएसपीचं पान) दाखवावेच लागतात, वजावट मात्र हवी तेवढीच घ्या आणि उरलेली पुढे ढकला. पुढच्या वर्षी प्रमोशन नक्की आहे आणि लोन आधीच घेऊन बसलात, तर हा मार्ग आहे, फक्त मग यंदा रिफंड येणार नाही आणि लोन पगारातूनच फेडावं लागेल.

रिटर्न लवकर भरा. नेटफाइल, म्हणजे ऑनलाइन रिटर्न भरायची सोय, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं, डायरेक्ट डिपॉझिट लावलेलं असेल तर बहुतेकांचा रिफंड दोनेक आठवड्यांत येतो, सीआरएने रिव्ह्यूला घेतला तर जास्त. टी४ (कंपनीकडून येणारी वर्षाच्या पगाराची आणि कापलेल्या टॅक्सची स्लिप) आल्याशिवाय मात्र घाईने भरू नका. एप्रिलच्या शेवटापर्यंत रिटर्न रखडवलं तर तोवर व्याज चढतच असतं, आणि हप्त्याची सवलतही संपत आलेली असते.

रिफंड येईलच असं धरू नका हे पण आहे. तुमच्या पगारातून टॅक्स नीट कापला गेला असेल तरच आरआरएसपीमुळे पैसे परत येतात. स्वतःचा धंदा असेल, उबर चालवत असाल, भाड्याचं उत्पन्न असेल तर आरआरएसपीमुळे भरायचा टॅक्स कमी होतो, हातात चेक येत नाही. मागचं काही सीआरएचं देणं असेल, तर ते आधी त्यात वळतं करून घेतात. दोन नोकऱ्या करणाऱ्यांचा टॅक्स बऱ्याचदा कमीच कापलेला असतो, त्यांनी आधी सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून बघावं, मग लोनचा आकडा ठरवावा.

ज्यांनी घेऊच नये

क्रेडिट कार्डावर बाकी आहे, त्यांनी आधी ती फेडावी, वीस टक्के व्याजापुढे कुठलीही वजावट टिकत नाही. नोकरीचा भरवसा नाही, त्यांनीही नको. कारण हप्ते थकले की लोक करतात काय, आरआरएसपीतूनच पैसे काढतात. १०,००० काढले की क्विबेक सोडून बाकी प्रांतांत २० टक्के तिथल्या तिथे कापून ८,००० हातात, रिटर्न भरताना तुमच्या रेटप्रमाणे उरलेला टॅक्स वेगळा, आणि ती वापरलेली रूम कायमची गेली, टीएफएसएसारखी पुढच्या वर्षी परत येत नाही. वर लोनचं व्याज भरलेलं आहेच. तेल गेलं, तूप गेलं.

ज्यांचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत आहे त्यांनी आधी टीएफएसए बघावं. तिथे वजावट नाही पण काढताना टॅक्सही नाही आणि २०२५ ची मर्यादा ७,००० होती. कंपनी मॅच देत असेल आणि तुम्ही ती पूर्ण घेत नसाल तर लोनचा विचार बाजूला ठेवा, आधी ती मॅच घ्या.

दोन-चार वर्षांत कायमचं भारतात परतायचा विचार असेल त्यांनी इथून पुढचं नीट वाचा. नॉन-रेसिडेंट झाल्यावर आरआरएसपीतून एकरकमी काढलं तर २५ टक्के विदहोल्डिंग, म्हणजे टॅक्स तिथेच कापला जातो. यंदा तुमचा रेट ४३ असेल तर तरीही फायदा आहे, ३० असेल तर फरक इतका किरकोळ उरतो की लोनचं व्याज आणि भारतातल्या टॅक्स रिटर्नची कटकट धरून मला ते पटत नाही.

घर घ्यायचं असेल तर

पहिलं घर घेणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे आणि ती बरेच जण वापरतात. होम बायर्स प्लॅनखाली आरआरएसपीतून एका माणसाला ६०,००० पर्यंत टॅक्स न भरता काढता येतात, एप्रिल २०२४ पर्यंत हे ३५,००० होते. अट अशी की भरलेले पैसे आत ९० दिवस राहिलेले हवेत. तर लोक काय करतात, फेब्रुवारीत लोन घेऊन भरतात, रिफंड घेतात, ९० दिवस झाले की काढून लोन फेडतात, आणि रिफंड डाउन पेमेंटला लावतात. कायद्यात बसतं. पण त्या तीन महिन्यांत मॉर्गेजचं प्री-अप्रूव्हल घ्यायला गेलात तर हे लोन तुमच्या कर्जात धरलं जातं आणि मॉर्गेजची रक्कम कमी होते, त्यामुळे ब्रोकरला आधी विचारा. त्या ९० दिवसांत पैसे शेअर फंडात ठेवू नका, कॅशमध्ये किंवा केव्हाही मोडता येणाऱ्या जीआयसीत (मुदत ठेवीत) ठेवा. आणि काढलेले पैसे १५ वर्षांत आरआरएसपीत परत भरायचे असतात, साधारणपणे काढल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी एक पंधरावा भाग, चुकलात तर तेवढी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते.

त्याआधी एफएचएसए उघडलाय का ते बघा. वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००, वजावट आरआरएसपीसारखी आणि घरासाठी काढताना टॅक्स नाही, परत भरायचंही नाही. फक्त त्याला ६० दिवसांची मुदतवाढ नाही, ३१ डिसेंबरला वर्ष संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत जागं होणाऱ्यांना मागच्या वर्षाची वजावट त्यात मिळत नाही.

पुढच्या फेब्रुवारीची सोय

लोन फिटलं की तो हप्ता बंद करू नका, तेवढीच रक्कम त्याच तारखेला आरआरएसपीत जाईल असं प्री-ऑथराइज्ड कॉन्ट्रिब्युशन लावा. सवय झालेलीच असते. शिवाय एक टी१२१३ नावाचा फॉर्म असतो, तो सीआरएला पाठवला की ते तुमच्या कंपनीला दर पगारातून कमी टॅक्स कापायची परवानगी देतात, म्हणजे रिफंड पुढच्या वसंतापर्यंत थांबत नाही, दर पगारालाच हातात येतो. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि मंजूर व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून नोव्हेंबरातच पाठवा. ग्रुप आरआरएसपीतून पगारातच कापले जाणारे पैसे असतील तर तिथे हे बहुतेक वेळा पेरोलवाले आपोआप करतात, फॉर्मची गरज पडत नाही, पण एकदा एचआरला ईमेल टाकून खात्री करून घ्या.